एका बोटातल्या दोन अंगठ्या

नमस्कार श्रोतेहो.

साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी आणि लग्नात तिच्या शेजारी आलेली दुसरी अंगठी, या दोन्ही एकाच बोटात घालणाऱ्या सगळ्यांशी आज मला बोलायचं आहे. मी दागिन्यांच्या दुरुस्तीचं काम करते. "हिरा हलतोय हो, जरा बघता का?" असं म्हणत कुणी अंगठी पुढे केली, की मी ती वरून बघत नाही, आधी बाजूनं बघते. हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या बारीक नख्या असतात ना, त्या एका बाजूला झिजून सपाट झालेल्या आणि दुसऱ्या बाजूला जशाच्या तशा दिसल्या, की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हिच्या शेजारी कोणती अंगठी घालता?

बहुतेकांना या प्रश्नाचं नवल वाटतं. अंगठी कुठे आपटलेली नसते, कारागिरानंही कामात कसूर केलेली नसते. रोज, दिवसभर, शेजारची अंगठी तिला घासत असते, एवढंच. आणि ही झीज इतकी सावकाश होते की घालणाऱ्याला ती दिसतच नाही. दिसतं ते थेट एक दिवस हिरा गेल्यावर रिकामं राहिलेलं कोंदण. भांडी घासताना गेला, लोकलमध्ये गेला की रिक्षात, काही कळत नाही. माणसं अक्षरशः रडवेली होऊन येतात. म्हणूनच हा विषय मला आज तुमच्यापुढे मांडावासा वाटला.

असं का होतं, ते समजून घेऊ. कोणता खनिज पदार्थ कोणावर ओरखडा काढू शकतो, याची एक मोजपट्टी फ्रेडरिक मोस या जर्मन शास्त्रज्ञानं 1812 साली तयार केली. तिच्यात हिरा सगळ्यात वर, 10 वर. माणिक आणि नीलम 9 वर. सोनं मात्र अडीच-तीनच्या आसपास, आणि प्लॅटिनम साधारण चार-साडेचार. म्हणजे ज्या सोन्यानं हिऱ्याला धरून ठेवायचं, ते सोनं हिऱ्यापुढे अगदीच मऊ. अंगठीच्या कडेला जडवलेला हिरा शेजारच्या सोन्याला टेकला, तर तो कानशीसारखा चालतो. बोटं मिटली, उघडली, पोळी लाटली, फोनवर काही लिहिलं, की दर वेळी कानस एकदा फिरली.

हल्ली सगळ्या बाजूंनी, गोल फिरून हिरे जडवलेल्या पट्टीची फार आवड आहे. इटर्निटी बँड म्हणतात तिला. दिसते सुंदर, यात वादच नाही. पण एका हिऱ्याच्या अंगठीला खेटून घालायला याहून वाईट सोबत मला सुचत नाही. या पट्टीत हिरे अगदी काठापर्यंत आलेले असतात, त्यामुळे शेजारच्या अंगठीच्या नख्यांना आणि बोटाभोवतीच्या गोल कड्याला सोन्याऐवजी हिऱ्याची धार लागते. पट्टीत अमेरिकन डायमंड असले तरी सुटका नाही, कारण तोही मोसच्या मोजपट्टीवर आठच्या वर आहे. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा तर कठीणपणात खाणीतल्या हिऱ्यासारखाच.

"पण हिऱ्याला तर काही होणार नाही ना?" असं विचारतात. होतं. हिऱ्यावर ओरखडा काढणं अवघड, पण टवका उडवणं तितकं अवघड नाही. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्या दिशेनं नेमका धक्का बसला, तर तो दुभंगतो. पैलू पाडणारे कारागीर हाच गुण पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. हिऱ्याचा वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती कड बारीक असेल आणि तिच्यावर शेजारच्या अंगठीतला हिरा आदळत राहिला, तर तिथे चीर पडू शकते. नख्या नव्यानं घालता येतात. उडालेला टवका परत बसवता येत नाही.

आता कुणी म्हणेल, आमचं तर साधं वळं आहे, खडा नाही की काही नाही. साधं वळं नक्कीच बरं, पण तिथेही एक गोष्ट बघावी लागते. आपल्याकडे हिऱ्याची अंगठी बहुधा 18 कॅरेटची असते, म्हणजे शंभरात 75 भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. 22 कॅरेटच्या नख्या फार मऊ पडतात, खडा नीट धरत नाहीत, म्हणून तसं करतात. लग्नाचं वळं मात्र घरची वडीलधारी मंडळी हौसेनं 22 कॅरेटचं करतात, ज्यावर 916 चा शिक्का असतो. आता ही दोन शेजारी आली की मऊ सोन्याची झीज जास्त, म्हणजे इथे झिजतं ते लग्नाचं वळं. त्याच्या एका कडेला चर पडलेली बघायला मिळते. पांढऱ्या सोन्याच्या अंगठीची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा पातळ मुलामा असतो. शेजारची अंगठी जिथे टेकते तिथला मुलामा आधी जातो आणि पिवळसर पट्टा दिसू लागतो. तो पट्टा दिसला तर वाईट वाटून घेऊ नका, कुठे काय घासतंय याचा नकाशाच तुम्हाला मिळाला म्हणायचा.

त्यात धूळ. घरातल्या, रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, मोसच्या मोजपट्टीवर सातवर. साबणाचा चिकट थर, कणीक आणि त्यात अडकलेली ही धूळ दोन अंगठ्यांच्या फटीत साचते आणि दोन्हींना खात राहते. त्यामुळे कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन दोन्ही अंगठ्या सुट्ट्या करून धुणं हे नुसतं चमकेसाठी नाही.

राशीच्या खड्यांचा विषय इथेच घेते, कारण त्या अंगठ्याही पुष्कळदा शेजारच्या बोटात असतात आणि बोटं मिटली की एकमेकींना लागतात. मोती आणि पोवळं फार नाजूक, सोन्याहून थोडेसेच कठीण. हिऱ्याच्या पट्टीलगत मोती घालू नका. त्याचा वरचा थर ओरखडला की त्याची झळाळी परत आणता येत नाही.

एकाच बोटात अंगठीवर अंगठी घालायची रीत इंग्लंड-अमेरिकेतून पसरली. आपल्याकडे चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नांत अंगठी जुनीच, इतर घरांत साखरपुड्याची अंगठी रुळली आणि मागोमाग दुसरी आली. या रिवाजाच्या मुलखातला एक जुना दाखला मला फार आवडतो. 8 सप्टेंबर 1761 रोजी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आणि शार्लट यांचं लग्न झालं. त्या दिवशी राजानं तिला लग्नाच्या अंगठीची राखण करायला हिऱ्यांची एक पट्टी दिली. दरबारातल्या एका बाईंनी आठवणींत लिहून ठेवलं आहे, की ही पट्टी लग्नाच्या अंगठीपेक्षा उंच होणार नाही अशा बेतानं केली होती, आणि त्या बोटात राणीनं पुढे तिसरी अंगठी कधी घातली नाही. ती पट्टी आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. मला त्यातला उंचीचा विचार महत्त्वाचा वाटतो. दोन अंगठ्या एकाच बोटात राहणार, तर त्या एकत्र बेतायला हव्यात, हे अडीचशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ध्यानात होतं. आज आपण एक अंगठी एका दुकानातून घेतो, दुसरी दोन वर्षांनी दुसरीकडून, आणि त्या दोघींची पहिली भेट थेट आपल्या बोटातच होते.

तेव्हा दुसरी अंगठी घ्यायला जाताना पहिली बोटात असू द्या. दोन्ही घाला, हात डोळ्यांसमोर आडवा धरा आणि बाजूनं बघा. नवी अंगठी पहिलीच्या कड्याला टेकली तर एक वेळ चालेल. ती हिऱ्याच्या खालच्या कोंदणाला किंवा नख्यांना भिडत असेल, तर ती घेऊ नका, किंवा बदलून मागा. कोंदणाच्या आकाराप्रमाणे वळवलेली पट्टी घेतली की प्रश्न मिटला असं सांगतात, ते मला पटत नाही. अंगाबरोबर बसणारी पट्टी अधिक ठिकाणी टेकते. त्या वळणात कोंदणाभोवती थोडी मोकळी जागा हवी.

आधीच घेतलेल्या असतील तर? दोघींच्या मधे सोन्याचं अगदी बारीक साधं वळं घालता येतं. झीज ते आपल्या अंगावर घेतं आणि झिजलं की थोडक्या पैशांत बदलता येतं. मी बहुतेकांना हेच सुचवते. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही अंगठ्या झाळून कायमच्या जोडणं. हालचाल थांबली की घासणंही थांबतं. पण मग एकटी अंगठी घालता येत नाही, आणि जोड रुंद झाल्यामुळे माप थोडं वाढवावं लागतं. तिसरा उपाय फुकटचा. जर्मनीत साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात आणि लग्नाची उजव्या हातात घालतात. तसं करायला आपल्याला कोण अडवतं? आजीची जुनी अंगठी वापरत असाल, तर तिच्यासाठी तरी हाच मार्ग धरा. जुन्या अंगठीचं कडं तळव्याच्या बाजूला आधीच पातळ झालेलं असतं.

घरी तपासायचं असेल तर कापसाचा बोळा नख्यांवरून हळूच फिरवा. तंतू अडकले, तर नखी उचलली गेली आहे किंवा झिजून धारदार झाली आहे. अंगठी कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारा. बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे, त्या दिवसापासून ती घालू नका. वर्षातून एकदा तरी सोनाराला दहापट भिंगाखाली नख्या बघायला सांगा. नख्यांची टोकं वेळेत भरून घेतली तर काम लहान असतं. चरे दिसले की पॉलिश करून टाका असं मात्र सांगू नका, कारण पॉलिशमध्येही सोनंच जातं.

आणखी एक करा. अंगठी घेतानाची पावती जपून ठेवा. तिच्यावर ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं, दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांपर्यंत. चार-पाच वर्षांनी दोन्ही अंगठ्या स्वच्छ धुऊन त्याच दुकानात वेगवेगळ्या तोलून घ्या आणि पावतीवरच्या आकड्याशी ताडून बघा. कोणती किती घटली ते तिथल्या तिथे कळेल, आणि मधे वळं घालायचं, जोडून घ्यायचं की हात बदलायचा, हे तुम्हाला ठरवता येईल.

नमस्कार.