रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

श्रोतेहो, नमस्कार. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होते, दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला येतो आणि गोळी बंद केली जाते. वयस्कर रुग्णांमध्ये हे नेहमी दिसतं. पण रिपोर्ट सुधारला तो गोळीमुळेच. ती थांबली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा मूळ पदावर येतं.

गोळीचं काम फक्त आकड्यापुरतंही नसतं. रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिला आतून पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर असतं. रक्ताचा प्रवाह वाढला की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भिंतीतले स्नायू सैलावतात आणि वाहिनी रुंदावते. हे कोडं उलगडणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. उतारवयात अस्तराचं हे काम मंदावतं. त्यात जास्त एलडीएल, मधुमेह किंवा तंबाखूची भर पडली की आणखीच. हे मोजता येतं: हाताला पट्टा पाच मिनिटं घट्ट आवळायचा, मग सोडायचा आणि दंडाची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचं. ही मुख्यतः संशोधनातली चाचणी आहे, डॉक्टरांकडे तिचा आग्रह धरू नका.

कोलेस्टेरॉलची ही गोळी म्हणजे स्टॅटिन. ते यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम रोखतं. मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. अस्तरावरचा भार हलका होतो, नायट्रिक ऑक्साइड वाढायला मदत होते आणि वाहिनीच्या भिंतीत साठलेला कोलेस्टेरॉलचा थर फुटण्याचा धोका कमी होतो. वयामुळे आणि कॅल्शियममुळे कडक झालेली धमनी मात्र या गोळीने पुन्हा लवचिक होईल, अशी आशा ठेवू नये.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७० ते ८२ वर्षांच्या ५,८०४ जणांना रोज ४० मिलिग्रॅम प्रॅवास्टॅटिन किंवा औषध नसलेली गोळी दिली गेली. सुमारे तीन वर्षांत प्रॅवास्टॅटिन घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके कमी आले, पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत. ज्यांना आधी झटका किंवा पक्षाघात झालेला आहे, त्यांनी गोळी चालू ठेवण्याचं कारण भक्कम आहे. पंच्याहत्तरीनंतर, आधी काहीच झालेलं नसताना गोळी नव्याने सुरू करायची की नाही, हे मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

डोस दुप्पट केला की एलडीएल दुपटीने उतरत नाही, जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. त्रासाची शक्यता मात्र वाढते. म्हणून उतारवयात बऱ्याचदा मध्यम डोस पुरतो: अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० ते २० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ ते १० मिलिग्रॅम. या दोन्ही दिवसात केव्हाही घेता येतात. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यावं. पुढची रक्ततपासणी ४ ते १२ आठवड्यांनी.

दोन्ही मांड्या किंवा खांदे दुखू लागले, जिना चढताना पाय उचलेना, तर डॉक्टरांना सांगा. सीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी, सोबत थायरॉइडची. थायरॉइड मंद असेल तर हा त्रास जास्त होतो. लघवी चहासारखी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सिम्व्हास्टॅटिनसोबत चालत नाही, म्हणून कोणतंही नवं औषध घेताना जुनी चिठ्ठी दाखवा. एखादा दिवस गोळी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या.