आईच्या कापसाचं वजन

नमस्कार श्रोतेहो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तुमच्याशी बोलते आहे. तुमच्यातल्या पुष्कळांचे हात आत्ता कापसाच्या पऱ्हाटीत असतील. कानावर पडेल तेवढं ऐका.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला लेखनाचा एक अभ्यासक्रम होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी विषय दिला, ‘आईचा एक दिवस’. मी एका रात्रीत चार पानं भरली. कष्टाची मूर्ती, मायेचा सागर, घामाचे मोती, सगळं होतं त्यात. सरांनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, “त्या दिवशी आईनं किती किलो कापूस वेचला?”

मला सांगता आलं नाही. शाळेत असल्यापासून मी तिच्याबरोबर वेचायला जात होते, तरी सांगता आलं नाही.

शनिवारी वही घेऊन तिच्या मागे शेतात गेले. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन पहिला वेचा सुरू झाला होता. पऱ्हाटीवरचं दव पुरतं उडालंही नव्हतं, तेव्हाच बाया ओळीनं तासाला लागल्या. आईचे दोन्ही हात दोन बोंडांवर एकाच वेळी जात होते. चिमटीत पाकळ्या धरायच्या, एका ओढीत सरकीसकट बाहेर काढायच्या, वाळलेली पत्ती चिकटली असेल तर तिथंच झटकायची आणि कमरेच्या झोळीत टाकायचं. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात. तिच्या उजव्या अंगठ्याला अशा बारीक चिरा होत्या, काही जुन्या, काही त्याच सकाळच्या. इतकी वर्षं त्याच हाताची भाकर मी खात होते. त्या चिरा मी त्या दिवशी पाहिल्या.

मी बांधावर लिहीत बसलेली पाहून ती म्हणाली, “वहीत लिवून कापूस वेचल्या जाते काय वं?” हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं. आधीच्या चार पानांत तिच्या तोंडचा एकही खरा शब्द नव्हता; जे होते ते असे की ती कधी बोलणारच नाही. वर्गात ते वऱ्हाडी वाक्य वाचताना माझा आवाज खाली गेला. सरांनी ते पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं.

त्याच तासाला त्यांनी म्हाइंभटांची गोष्ट सांगितली. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला 1278 च्या सुमारास त्यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहिल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, अशा माणसांना गाठून, विचारून लिहिल्या. तेच लीळाचरित्र, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. आपल्या भाषेतलं इतकं जुनं गद्य आपल्याच मुलखात, लोकांना विचारत फिरणाऱ्या माणसाच्या हातून झालं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मला त्याचा फार आधार वाटला. आजही वाटतो.

या शिकवणीचा उपयोग कथा-कवितेपुरता राहिला नाही. एका पावसाळ्यात शेजारच्या काकांच्या सोयाबीनमध्ये पाणी साचलं. त्यांनी अर्जात लिहून आणलं होतं, ‘माझे अतोनात नुकसान झाले, तरी विचार व्हावा.’ मी त्यांना सरांसारखंच विचारत बसले. गट नंबर कोणता? पेरणी कधीची? किती एकरात पाणी होतं, आणि किती दिवस? सगळं तारखेनिशी एका पानात बसलं. तेव्हा पीक विम्यात अशा नुकसानीची खबर 72 तासांच्या आत द्यावी लागायची, म्हणून आधी ती दिली आणि मग अर्जाची नक्कल काढून घरी ठेवायला सांगितली. श्रोतेहो, अर्ज लिहितानाही हे एवढं कराच. वाचणाऱ्यानं तुमचं शेत पाहिलेलं नसतं.

शेवटची गोष्ट सर टर्म संपताना बोलले. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, आणि जमलं तर ज्याच्याविषयी लिहिलं त्याला वाचून दाखवा.

आईला वाचता येत नाही. चुलीपुढं बसून मी तिला सगळा लेख वाचून दाखवला. ती तव्यावरची भाकर उलटत ऐकत होती. अंगठ्याच्या चिरांपाशी तिनं हात पदराखाली घेतला. शेवटी मी वाचलं, ‘संध्याकाळी काट्यावर आईचा कापूस 42 किलो भरला.’

“साडेएकेचाळीस,” ती म्हणाली. “सकाळचा कापूस ओला हाये म्हणून अर्धा किलो कापला त्यायनं. थे बी लिव.”

मी 42 खोडलं, साडेएकेचाळीस केलं, आणि कापलेल्या अर्ध्या किलोचं वाक्य खाली लिहिलं. मग तिला ते पुन्हा वाचून दाखवलं.

नमस्कार.