आयएसएसवाल्या गाडीची बॅटरी: घेताना, बसवताना आणि सांभाळताना

(सोसायटीचं पार्किंग. गाडीचं बॉनेट उघडं. मी कॅमेऱ्यासमोर.)

सकाळचे साडेसहा. आईला स्टेशनवर सोडायचंय. किल्ली फिरवली आणि आवाज आला तो असा: टक, टक, टक, टक. मीटरवरचे दिवे मंद झाले आणि लुकलुकायला लागले. बाबांच्या गाडीत हे घडलं तेव्हा बॅटरी बसवून जेमतेम चौदा महिने झाले होते.

नमस्कार मंडळी. चूक कुठे झाली ते आधीच सांगतो. बाबांची गाडी आयएसएसवाली, म्हणजे आयडल स्टार्ट-स्टॉपवाली आहे. सिग्नलला थांबलो की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की परत चालू होतं. कंपनीची बॅटरी संपल्यावर आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, साईज तीच आहे, उगाच जास्त पैसे कशाला घालता?" आम्ही साधी बॅटरी घेतली. ती अगदी चपखल बसली, गाडीही पहिल्या सेल्फला चालू झाली.

आता तो "साईज तीच" म्हणतो ते खोटं नसतं, म्हणूनच माणूस फसतो. हे बघा.

(दोन बॅटऱ्यांचे स्टिकर जवळून.)

या साध्या बॅटरीवर लिहिलंय 38बी20एल. यातला 20 म्हणजे लांबी, साधारण 20 सेंटिमीटर. आणि ही आयएसएसची, हिच्यावर एम42. दोन्हींचा डबा एकाच मापाचा. तसंच एन55 ही बी24 च्या मापात येते आणि क्यू85 ही डी23 च्या. बाहेरून जुळ्या बहिणी, पण आतलं काम वेगळं.

साध्या गाडीत बॅटरीचं मुख्य काम एकच. सेल्फला एक जोरदार झटका द्यायचा, मग इंजिनावर फिरून वीज बनवणारा ऑल्टरनेटर तिला चार्ज करत राहतो आणि बॅटरी जवळपास भरलेलीच असते. आयएसएसवाली गाडी घेऊन कोथरूडहून हडपसरला जाऊन या. वाटेत इंजिन सहज तीस-चाळीस वेळा बंद-चालू होईल. आणि सिग्नलला इंजिन बंद असताना दिवे, ब्लोअर, वायपर, गाणी, गाडीचा कॉम्प्युटर, सगळं बॅटरीवरच चालतं. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांत ऑल्टरनेटर मुद्दाम बॅटरी पूर्ण भरत नाही. थोडी जागा रिकामी ठेवतो, म्हणजे ब्रेक लावताना किंवा उतारावर फुकट मिळणारी वीज त्यात साठवता येते. म्हणजे बॅटरीला कायम अर्धवट भरलेल्या अवस्थेत राबावं लागतं.

साध्या बॅटरीला हेच मानवत नाही. अर्धवट चार्ज राहिली की प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक जमतात आणि हळूहळू घट्ट होतात. एकदा घट्ट झाले की कितीही चार्जिंग करा, तेवढा भाग गेला. बाबांच्या बॅटरीचं चौदा महिन्यांत हेच झालं.

आयएसएससाठी दोन प्रकार येतात. एक ईएफबी. यातही पातळ ॲसिडच असतं, पण प्लेट जास्त दणकट असतात, त्यावर पॉलिस्टरची बारीक जाळी असते आणि प्लेटवरच्या शिशाच्या लेपात कार्बन घातलेला असतो. दुसरा एजीएम. यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, सांडत नाही. आपल्याकडच्या लहान-मध्यम गाड्यांत बहुतेक ईएफबी सापडेल, महागड्या जर्मन गाड्यांत एजीएम.

नियम सरळ आहे. कंपनीने एजीएम दिली असेल तर एजीएमच घ्या, खाली उतरू नका. ईएफबी असेल तर ईएफबी. एजीएम जास्त भारी म्हणून हौसेने लावायच्या आधी बॅटरी कुठे आहे ते बघा. एजीएमला उष्णता सोसत नाही, म्हणून कंपन्या ती पुष्कळदा डिकीत किंवा सीटखाली बसवतात.

काही जण म्हणतील, मी आयएसएसचं बटण दाबून ते बंदच ठेवतो, मग साधी बॅटरी का नको? बटण खुशाल बंद ठेवा, बंपरला बंपर लागलेल्या ट्रॅफिकमध्ये मीही ठेवतो. पण बटणाने फक्त इंजिन बंद होणं थांबतं. अर्धवट चार्ज करायची ऑल्टरनेटरची पद्धत तशीच राहते. म्हणून माझं मत पक्कं आहे: साधी नकोच.

आणि ही गाडी तुम्हाला आधी इशारा देते, तो आम्ही वाचला नाही. बॅटरी खालावली की आयएसएस सगळ्यात आधी काम सोडतं. इंजिन थंड असेल, एसी फुल असेल, बेल्ट लावला नसेल, तरीही ते चालत नाही, त्यामुळे एका दिवसावरून घाबरू नका. पण अर्धा तास गाडी चालवूनही, आठवडाभर, एकाही सिग्नलला इंजिन बंद होत नसेल, तर बॅटरी तपासून घ्या. बाबा म्हणायचे, "बरं झालं, ती कटकट बंद झाली." त्यानंतर महिन्याभरात गाडी बंद.

(मल्टिमीटर हातात.)

एक साधा मल्टिमीटर घरात ठेवा. रात्रभर गाडी उभी राहू द्या आणि सकाळी चालू करायच्या आधी मोजा. 12.6 व्होल्ट किंवा वर, उत्तम. एजीएम असेल तर 12.8 च्या आसपास. 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली. 12.2 म्हणजे अर्धी, चार्जरला लावा. आकडा चांगला येऊनही सेल्फ जड फिरत असेल तर दुकानात लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी, करून घ्या.

गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर आठवड्यातून एकदा हायवेला पाऊणएक तास काढा. चार्जर लावायचा तर एजीएमसाठी वेगळा मोड असलेला स्मार्ट चार्जर घ्या. जास्त व्होल्टेजने एजीएम कायमची खराब होते. आणि चार्जरचा किंवा जंपर केबलचा काळा चिमटा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर लावू नका.

(कॅमेरा निगेटिव्ह टर्मिनलवर.)

ही छोटी डबी दिसतेय, वायर लागलेली? हा बॅटरी सेन्सर. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, हे तो मोजतो. चिमटा सेन्सरला वगळून थेट बॅटरीवर लावला तर आत गेलेला करंट त्याला दिसतच नाही. म्हणून काळा चिमटा बॉडीच्या अर्थिंगवर लावा.

पाणी: एजीएम कधीही उघडायची नाही. ईएफबीला झाकणं असतील तर डिस्टिल्ड वॉटरच, आरओचं किंवा बाटलीतलं नाही.

बॅटरीचा मोठा शत्रू मात्र ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज ढोबळमानाने दुप्पट होते. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मंडळींनी हे जास्त मनावर घ्या. गाडी जुलैत बंद पडली तरी मार बसलेला असतो तो एप्रिल-मेचा. पावसात वायपर, दिवे, ब्लोअर एकदम चालू झाले की तो उघड होतो.

आता बदलूया. आधी जुन्या जोडणीचा फोटो काढा. हातातली अंगठी, कडं काढा. गाडी बंद, किल्ली लांब, आणि पाचेक मिनिटं थांबा. दहाचा पाना. पहिल्यांदा निगेटिव्ह सोडवायचा, नेहमी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेला असला तर तिथल्या तिथे शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात, आणि बॅटरीतून चटकन पेटणारा हायड्रोजन निघत असतो. सेन्सरवाला क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, हाताने हलवत काढा.

पॉझिटिव्हच्या क्लॅम्पवर ही पांढरी-हिरवी भुकटी बघा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसेल, मग कोरडं पुसा. नवी बॅटरी ठेवली की खालची पट्टी घट्ट आवळा. ढिली बॅटरी खड्ड्यांत आतून तुटते. बॅटरी डिकीत असेल तर बॅटरीतला गॅस बाहेर सोडणारी बारीक नळी परत जोडा. आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह, वरून व्हॅसलिनचा पातळ हात.

काही गाड्यांना, बीएमडब्ल्यू, ऑडी वगैरेंना, नवी बॅटरी आली हे स्कॅनर लावून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर गाडी ती जुनीच समजून चार्ज करत राहते. तुमच्या गाडीला लागतं का आणि दुकानाकडे स्कॅनर आहे का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. वॉरंटी कार्डावर गाडीचा नंबर आणि आजची तारीख स्वतःसमोर लिहून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच द्या, त्यातल्या शिशाचे पैसे बिलातून कमी होतात. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती नोंदणीकृत मार्गानेच गेली पाहिजे, भंगारवाल्याकडे नको.

(बॉनेट बंद.)

काचांचं ऑटो बटण आणि घड्याळ परत सेट करावं लागेल. आयएसएस लगेच चाललं नाही तर दुकानाकडे धावू नका. सेन्सरला नव्या बॅटरीचा अंदाज यायला काही गाड्यांत अनेक तास गाडी लॉक करून उभी ठेवावी लागते. बाबांची गाडी आत्ता मी लॉक करतोय. उद्या सकाळी पहिल्या सिग्नलला इंजिन बंद होतं का, ते खाली कमेंटमध्ये कळवतो.