सुरईच्या मापाचा कागद

(दृश्य : भद्रावतीजवळचा कुंभारवाडा, सकाळची वेळ. आव्यातून काढलेली भांडी अंगणात मांडलेली आहेत.)

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या परिसरात मातीकाम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. आव्यातून नुकत्याच काढलेल्या या सुरईचे पोट थोराड आहे, खांदा उतरता आहे, मान अरुंद आहे आणि बाजूचा कान करंगळीएवढाच जाड आहे. शेजारची सुरई त्याच हातांनी, त्याच चाकावर, त्याच दिवशी घडली असली तरी तिची मान अर्धे बोट अधिक उंच आहे. हातघडणीची हीच खूण ग्राहकाला हवी असते आणि भांडी दूर पाठवताना नेमकी तीच अडचण होऊन बसते, कारण एका मापाचा साचा करून त्यात साऱ्या सुरया बसवता येत नाहीत.

भांडी बैलगाडीने बाजाराला जात, तेव्हा ही अडचण तणसाने, म्हणजे पेंढ्याने, सोडवली होती. धानाचे तणस ज्या वस्तूभोवती भरावे तिचा आकार घेते, धक्का सोसते आणि काम झाले की गुरांपुढे किंवा शेणखतात जाते. मात्र ते दूरच्या प्रवासात हादऱ्यांनी खाली बसते, वरची जागा रिकामी होते आणि भांडे सरकत सरकत खोक्याच्या भिंतीला टेकते. पावसाळ्यात ते ओल धरते आणि त्यावर बुरशी चढते.

त्याची जागा थर्माकोलने घेतली. थर्माकोलच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवा असते, म्हणूनच तो हलका आहे आणि म्हणूनच तो धक्का चांगला सोसतो. त्याचे पुढे काय होते, हे पाहायला मात्र गावातच थांबावे लागते.

(दृश्य : भंगाराची हातगाडी एका दारापुढे थांबते.)

"काकू, पुठ्ठा द्या, रद्दी द्या, ते पांढरं नोको."

या नकारामागे सरळ हिशेब आहे. भंगाराचा व्यवहार वजनावर चालतो, आणि गाडीभर थर्माकोल काट्यावर ठेवला तरी हाती काही लागत नाही. मग तो उकिरड्यावर जळतो, नाहीतर नाल्यात जातो. पुनर्वापरयोग्य हा शब्द आवरणाच्या वेष्टनावर छापणे सोपे आहे. पण ज्या गावात कचऱ्याचे वर्गीकरण करणारी यंत्रणा नाही, तेथे भंगारवाल्याचा काटाच त्या शब्दाची खरी परीक्षा घेतो, असे आम्हाला वाटते. म्हणून आकाराप्रमाणे वळणारे आवरण तयार करताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की हे आवरण त्या काट्यावर चढेल काय.

कागद चढतो. आता कागदाला थर्माकोलचे काम करता येते का, हे पाहिले पाहिजे.

एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. हा वेग एका मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर वस्तूला स्वतःच्या वजनाच्या सुमारे हजारपट बलाचा झटका बसतो. तोच वेग दोन सेंटिमीटरच्या अंतरात जिरला, तर झटका पन्नासपटीवर येतो. संरक्षक आवरणाचे सारे कसब या दोन सेंटिमीटरांत आहे: त्याने दबायचे, पण एकदम नाही, आणि पूर्ण दबून जाण्याआधी वस्तू थांबवायची. साध्या कागदाचा बोळा एकदा दबला की तसाच राहतो. कागदाला ही दोन सेंटिमीटरांची जाडी आणि सावकाश दबण्याची शक्ती द्यायची असेल, तर त्याची घडण बदलावी लागते.

(दृश्य : खाकी कागदाची गुंडाळी, अगदी जवळून.)

या गुंडाळीतला कागद सपाट दिसतो, पण त्यावर बारीक कापांच्या ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीतील काप शेजारच्या ओळीतील दोन कापांच्या मधोमध येतात. दोन्ही हातांनी कागद ताणला की प्रत्येक काप उघडतो, कागदाच्या पट्ट्या तिरप्या उभ्या राहतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरांची जाळी तयार होते. ताणताना कागद लांबीला वाढतो आणि रुंदीला आक्रसतो. प्रत्येक घर शेजारच्या घरापासून थोडे स्वतंत्र वळू शकते, त्यामुळे ही जाळी सुरईच्या पोटावर पसरते, खांद्यावर उतरते आणि मानेशी गोळा होते. दुसरा वेढा पहिल्यावर आला की उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि चिकटपट्टीशिवाय आवरण जागेवर बसते. कापाची लांबी वाढवली की घरे मोठी होतात आणि आवरण मऊ पडते. काप आखूड केले की ते ताठ राहते. भांड्याच्या वजनाप्रमाणे कोणता कागद घ्यावा, हे यावरूनच ठरते.

येथे वजन आणि टेकू यांचा मेळ फार महत्त्वाचा आहे. जड रांजण कागदाच्या लहानशा तुकड्यावर टेकवला, तर घरे पार चिरडतात आणि तळ थेट आपटतो. उलट हलकी पणती जाड थराच्या मोठ्या बैठकीवर ठेवली, तर तिच्या वजनाने तो थर दबतच नाही आणि तिला तो दगडासारखाच लागतो. जास्त गुंडाळले म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

कागद वापरला, एवढ्याने मात्र काम संपत नाही. कागद गिरणीत पाण्यात घोळला जातो, त्याचे तंतू सुटे होतात आणि त्यांचा नवा पुठ्ठा बनतो. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जात असले तरी पाच ते सात फेऱ्या ते टिकतात. या घोळात प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद विरघळत नाही, आणि खोक्याभोवती सढळ हाताने लावलेली प्लॅस्टिकची चिकटपट्टी कागदाचा लगदा खराब करते. म्हणून खोका बंद करायला पाण्याने ओली करून लावायची डिंकाची कागदी पट्टी घ्यावी, कारण तीही खोक्याबरोबरच विरघळते. एक वस्तू, एकच पदार्थ, हा नियम पाळला की वेगळे करण्याचे काम उरत नाही.

या भागाला कागद परका नाही. वर्ध्यात १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत हातकागदाचे काम चालवले होते. भद्रावतीहून फार दूर नसलेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीच्या मूळ नावात तर कागदाबरोबर स्ट्रॉ बोर्ड, म्हणजे पेंढ्याचा पुठ्ठा, हा शब्दही होता. तणसाचा कागद आणि कागदाचे आवरण, ही वाट आम्हाला फार जवळची वाटते.

कागदाचा शत्रू आहे ओल. विदर्भाच्या उन्हाळ्यात खोक्याचा पुठ्ठा ताठ राहतो, पण पावसाळ्यातील दमट हवेत खोक्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. त्या महिन्यांत गुंडाळी जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवावी लागते, आणि खोकी एकावर एक रचताना उंची कमी ठेवावी लागते.

(दृश्य : अंगणात चाचणी. भिंतीवर खडूने उंचीची खूण.)

पार्सलच्या चाचणीची एक रूढ आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. हलका खोका सुमारे ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचा: एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्यात मिळणाऱ्या तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर. आमच्यासमोर टाकलेल्या पहिल्या खोक्यातील सुरईचा कान सातव्या वेळी मोडला. खोका उघडल्यावर चूक दिसली. कानावरून कागद घट्ट आवळला होता, त्यामुळे भार नेमका सर्वांत नाजूक जागी आला होता.

दुसऱ्या वेळी गुंडाळणाऱ्या बाईंनी कान आणि मान मोकळी सोडली. त्यांनी पोटाला तीन वेढे दिले, खांद्यावर कागदाचे जाड कडे बसवले आणि बुडाखाली तसेच दुसरे कडे ठेवले. भार आता पोटावर आणि खांद्यावर होता आणि मानेभोवती नुसती हवा होती. खोका दहा वेळा पडला. त्याचा एक कोपरा चेपला.

बाईंनी कागद उलगडला, सुरई डाव्या तळहातावर उभी धरली आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने तिच्या पोटावर टिचकी मारली. तडकलेले भांडे बद्द वाजते. त्यांनी आपला कान सुरईजवळ नेला आणि पुन्हा एकदा वाजवून पाहिले. आवाज खणखणीत होता.