ॲप निवडताना आधी गिऱ्हाइकाचा फोन बघा

मंडळी, पावसाळ्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत, आपण फोटोग्राफर मोकळे, म्हणून आज निवांत बोलतो. सारखे फोन येतात, दादा गिऱ्हाइकाला लग्नाचे फोटो पाठवायला कुठलं ॲप घेऊ, आणि मी उलटा विचारतो, की तुझ्या गिऱ्हाइकाच्या घरात फोटो उघडून बघणार कोण?

मला हे एका लग्नानं शिकवलं. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं गाव, नवरीचा भाऊ मिलिटरीत, सुट्टी मिळाली नाही, त्याला घाई म्हणून मी फोटो व्हॉट्सॲपवर टाकून मोकळा झालो. वर्षभरात नवरीचे वडील वारले. तो भाऊ आला आणि म्हणाला, अक्षता पडताना बाबा मागं उभे होते बघा, तेवढा मोठा करून द्या, भिंतीला लावायचाय. माझी हार्डडिस्क तोवर गेलेली. उरलेला तो व्हॉट्सॲपवरचाच. आपला 24 मेगापिक्सलचा फोटो 6000 पिक्सल रुंद, 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 20 इंची प्रिंट निघते, पण व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की लांब बाजू 1600 च्या आसपास उरते, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. मोठा केला तर बाबांच्या डोळ्यांच्या जागी नुसता डाग. ते मला आजही टोचतं.

आता कोण म्हणेल व्हॉट्सॲपवर 2023 पासून एचडी आलंय, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर ओरिजिनल जातं. जातं की! पण तीन हजार फोटो डॉक्युमेंट करून कोण पाठवणार आणि ते उघडणार कोण? गूगलची फुकट जागा म्हणजे 15 जीबी, त्यात जीमेल पण आलं, आणि एका फोटोचे 10 एमबी धरले तरी लग्न 30 जीबीचं. 10 एमबीपीएसच्या लाईनवर ते चढायलाच पावणेसात तास लागतात, त्यामुळं मधेच नेट गेलं तर अपलोड तिथूनच पुढं सुरू होतं का, हे मी सगळ्यात आधी बघतो. आमच्या खानापूरच्या कणकुंबी-जांबोटीकडं रेंजचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

खरं दुखणं सिलेक्शनचं, म्हणजे अल्बमसाठी घरच्यांनी फोटो निवडून देण्याचं. पूर्वी पेनड्राईव्ह द्यायचो, ते वहीत नंबर लिहायचे, एक आकडा चुकला की छापील करिझ्मा अल्बममध्ये भलताच पाहुणा, आणि सहा-सहा महिने अल्बम अडकलेला, बाकीचे पैसे पण अडकलेले. पिक्सीसेटसारख्या ऑनलाईन गॅलरीत फोटोवर हार्ट दाबलं की ती लिस्ट फाईलच्या नावासकट आपल्याकडं येते. घरातला कुणी कन्नड वाचतो, कुणी मराठी, आजी काहीच वाचत नाही, पण हार्ट दाबायला अक्षर लागत नाही! मी नवीन ॲप आधी आईच्या फोनवर उघडून बघतो. लॉगिन, ओटीपी, ॲप डाऊनलोड कर असं सुरू झालं की तिनं फोन बाजूला ठेवलाच म्हणून समजा.

क्विकपिकसारखी सेल्फीवरून आपले फोटो शोधून देणारी ॲप्स पाहुण्यांना फार आवडतात, हॉलच्या दारात क्यूआर लावला की आपलं काम सोपं. पण हळदीनं माखलेलं तोंड, वर मुंडावळ्या, तिथं ते चुकतं हे मी बघितलंय, म्हणून हळदीचा फोल्डर वेगळा करून सगळ्यांना उघडा ठेवतो. आणि जपा, चेहरा हा लोकांचा डेटा आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या पोरांसाठी आई-बापाची परवानगी लागते असं आहे, म्हणून ऑर्डर फॉर्मवरच मी घरच्यांची सही घेतो, आणि घरच्या बायकांचे तयारीचे फोटो पिनशिवाय उघडत नाहीत अशी सेटिंग नसलेलं ॲप घेतच नाही.

शेवटी पैसे. महिन्याला किती, हे सगळे विचारतात. मी विचारतो की सबस्क्रिप्शन थांबवलं तर जुन्या लग्नांचं काय होणार? एका कंपनीनं माझ्या गॅलऱ्या बंद केल्या तेव्हा मेल आला होता, पण ऐन सीझनमध्ये मेल कोण बघतंय. तेव्हापासून गिऱ्हाइकाला लिंक देतानाच सांगतो, ही अमुक तारखेपर्यंत चालेल, त्याआधी ओरिजिनल उतरवून घ्या, आणि स्वतःकडं दोन हार्डडिस्क, एक स्टुडिओत, एक घरी. तो वडिलांचा फोटो मी शेवटी छोटाच, पोस्टकार्डाएवढा प्रिंट करून दिला. त्यानं तो पाकिटात ठेवला.