तळेगाव चौक, सकाळी सहा

सकाळचे सहा. चाकणचा तळेगाव चौक. दोन ट्रेलरांच्या मधल्या फटीतून दुचाक्या अंग चोरून पुढे सरकताहेत. हँडलला डब्याची पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायांत सेफ्टी शूज. पहिली पाळी गाठायची आहे. पंचिंग चुकलं, तर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

चाकण म्हटलं की पूर्वी डोळ्यांपुढे यायचा कांद्याचा बाजार. तो आजही भरतो. पण आता त्याच्या आजूबाजूला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, महिंद्रा आहे, बजाज आहे.

पुणे जिल्ह्यात हे सगळं सुरू झालं साठच्या दशकात. १९६२ साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या शेतजमिनींवर शेड उभ्या राहू लागल्या. आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९७२ साली बजाजची चेतक आली. स्कूटर किती बनवायच्या, हे तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे. टेल्कोत नोकरी लागली म्हणजे पोराचं लग्न ठरलं, असा तो काळ.

पण या धंद्याचा खरा जीव पाहायचा, तर भोसरीतल्या एखाद्या छोट्या शेडमध्ये यायला हवं. आत शिरताच कूलंटचा वास. लेथवरून उतरलेला बुश, म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी, कामगार फडक्याने पुसतो, मापाच्या गेजमध्ये घालून बघतो. बसला, तर क्रेटमध्ये. नाही बसला, तर बाजूच्या लाल डब्यात. दिवसभर हेच, शेकडो वेळा. एका मोटारीला हजारो सुटे भाग लागतात आणि त्यांतले कितीतरी अशाच शेडमधून जातात. खंडेनवमीला या लेथला हार चढतो, हळदकुंकू लागतं. घर तिच्यावर चालतं, म्हणून तिला हात जोडले जातात. वर मोठ्या कंपनीने ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, जाहीर केला, की आधी इथलं मशीन थांबतं. मग कोपऱ्यावरची वडापावची गाडी, मग खोलीचं भाडं.

आता रस्त्याकडे पाहू. पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर. २०१८ साली त्याच शहरात नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला, माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली. यात दुचाक्याच सर्वाधिक. याला लोक हौस म्हणतात. दसऱ्याला, पाडव्याला शोरूमपुढे रांगा लागतात, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, ती हौस खरीच. पण तळेगाव चौकातली गाडी हौसेची नाही. कारखाने पिंपरीहून चाकणला, रांजणगावला सरकले. राहायला मात्र परवडतं ते मोशीत, आळंदीत, कुठल्या तरी वाडीत. कायम कामगाराला कंपनीची बस मिळते. ठेकेदाराच्या हजेरीवरच्या मुलाची सोय अनेक ठिकाणी त्यानेच बघायची. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला हा मुलगा हप्त्यावर जुनी मोटारसायकल घेतो. कामावर पोहोचण्यासाठीच ती घ्यावी लागते, आणि पगार हातात पडायच्या आत हप्ता कापला जातो. वाहनं बनवणाऱ्या जिल्ह्याने आपल्या कामगाराला वेळेवर धावणारी साधी बस द्यायलाच हवी होती.

आकुर्डीच्या कारखान्यातलं वाहन उत्पादन २००७ साली थांबलं होतं. २०२२ पासून तिथे पुन्हा चेतक तयार होते. या वेळी बॅटरीवरची. इंजिनच नाही, म्हणजे पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. भोसरीच्या शेडमधले मालक आता कॅटलॉग चाळताहेत, आपल्या मशीनवर आणखी काय निघेल याचा अंदाज घेताहेत.

संध्याकाळ. पाळी सुटली. पुन्हा तोच चौक, तीच कोंडी. नव्या कोऱ्या गाड्या भरलेला ट्रेलर उभा आहे. त्याच्या मागच्या चाकाशी, एक पाय जमिनीवर टेकवून, सकाळचा तोच मुलगा थांबलाय. डबा रिकामा आहे. घर अजून बारा किलोमीटर.