आधी खोली ऐका, मग सबवूफर

मंडळी, नवा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर (बास) वाजवणारा स्पीकर, आला की घरोघरी काय होतं, तर बास टेस्टचा एखादा ट्रॅक लावायचा, व्हॉल्यूम चढवायचा आणि शोकेसच्या काचा थरथरल्या की खूश व्हायचं. त्यातून सबवूफरबद्दल काही कळत नाही हो. खरी टेस्ट जरा कंटाळवाणी असते, पण ती डब्याइतकीच, किंबहुना जास्तच, तुमच्या खोलीबद्दल बोलते.

साइन टोन घ्यायचे, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीचा साधा सूर, आणि 100 हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला 100 कंपनं) 80, 63, 50, 40 असं करत 20 पर्यंत उतरायचं. फोनमधला इक्वलायझर, बास बूस्ट, अँपवरचं लाउडनेस, सगळं बंद. व्हॉल्यूम मध्यम ठेवा आणि एक टोन थोडेच सेकंद वाजवा, कारण गाण्यातला बास येतो-जातो, हा मात्र अखंड चालतो आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, तापत जाते. पोर्टवाला, म्हणजे बॉक्सला हवेसाठी भोक असलेला, सबवूफर असेल तर आणखी सांभाळा, बॉक्स ज्या फ्रीक्वेन्सीला ट्यून केलाय तिच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, फार आत-बाहेर पळायला लागतो, तिथे आवाज चढवलात तर ड्रायव्हर, म्हणजे आतला स्पीकरच, जाऊ शकतो.

20 हर्ट्झ कानापेक्षा अंगालाच जास्त कळतो. तिथे छान ठसठशीत सूर ऐकू आला तर हरखू नका, बहुतेक वेळा ती 40 आणि 60 ची हार्मोनिक्स असतात, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट फ्रीक्वेन्सीचे, सबवूफरने स्वतःच घुसडलेले सूर, चक्क डिस्टॉर्शन. फुसफुस ऐकू आली तर ती पोर्टमधली हवा.

आता खोली. आपल्या इकडे 10 बाय 12 ची खोली, पक्क्या विटांच्या भिंती, वर स्लॅब, हे अगदी नेहमीचं. 12 फुटांच्या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो, दोन भिंतींमध्ये त्याची बरोबर अर्धी लाट मावते म्हणून. 10 फुटांत 56 चा. आणि छतही 10 फुटांवर असेल तर 56 वर रुंदी आणि उंची दोघी एकदम जोर लावतात, तिथे बास नुसता घुमतो. गंमत अशी की लांबीच्या बरोबर मध्ये बसलात तर 47 जवळजवळ गायब आणि मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच अंगावर येतो, सबवूफर तोच, टोन तोच! लोक अशा वेळी थेट इंदूरच्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन मोठा सबवूफर घेऊन येतात, मला फार वाईट वाटतं, कारण आधी जागा बदलून बघायला एक पैसा लागत नाही. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, टोन एकामागून एक लावा आणि भिंतीकडेने वाकून फिरा, जिथे सगळे टोन त्यातल्या त्यात सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा.

मोबाइलचं डेसिबल अ‍ॅप वापरणार असाल तर एक बघा, ए वेटिंग, म्हणजे खालचे सूर मुद्दाम कमी मोजायची सेटिंग, चालू असेल तर 50 हर्ट्झचा टोन ते 30 डेसिबल कमी दाखवतं. सी वेटिंग लावा, त्यात खालचे सूर फारसे कापले जात नाहीत. तरी फोनच्या माइकचा आकडा ढोबळच समजा. कानाचंही तसंच आहे, 1933 मध्येच फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं की खालचे सूर तेवढ्याच दाबाला आपल्याला बरेच हळू ऐकू येतात, त्यामुळे 30 हर्ट्झ 80 पेक्षा बारीक वाटला तर लगेच सबवूफरला दोष नको.

एका काकांनी विचारलंय, किती खाली गेला की पुरे? तुम्ही काय ऐकता त्यावर आहे, काका. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, म्हणजे मंद्र षड्ज 69 चा. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांसारखं मंद्रात रमणारं गाणं ऐकायचं तर 60 ते 140 हा पट्टा सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराचे, हवा, तिथे खड्डा असेल तर 20 हर्ट्झ वाजून उपयोग काय? सिनेमाचे स्फोट ऐकायचे असतील तर मात्र 30 च्या खालचं लागतं.

शेवटचं, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीच्या खालचं काम स्पीकरकडून सबवूफरकडे जातं ती, 80 वर असेल तर 80 चाच टोन स्पीकर आणि सबवूफर दोन्हींवर एकदम लावा, नेहमीच्या जागी बसा आणि घरातल्या कुणालातरी सबवूफरचं फेजचं बटण (त्याने सबवूफरच्या लाटेची दिशा उलटते) 0 वरून 180 वर करायला सांगा. ज्या बाजूला आवाज भरतो तिथे बटण राहू द्या.